पीसीओएस आहे म्हणतात, आता काय करायचं?

नागपुरात धंतोलीतल्या किंवा रामदासपेठेतल्या कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात संध्याकाळी तासभर बसा, हे वाक्य कानावर पडेलच: "मॅडम, चार महिने झाले, हिची पाळीच येऊन नाही राहिली. काही गोळी द्या ना." गोळी मिळते, दहा-बारा दिवसांत पाळी येते आणि फाइल कपाटात जाते. सहा महिन्यांनी तीच फाइल पुन्हा बाहेर निघते. मधल्या काळात वजन वाढलेलं असतं, हनुवटीवर चार राठ केस आलेले असतात, आणि रक्तातली साखर कोणी तपासलेलीच नसते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पीसीओएसमध्ये, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम या हार्मोनच्या दुखण्यात, पाळी आणणं हे सगळ्यात सोपं काम आहे, आणि बहुतेक घरांत तेवढ्यावरच भागवलं जातं. खरं काम इन्सुलिनचं आहे. ते पंचविशीच्या आधीच सुरू होतं आणि पाळी गेल्यावरही संपत नाही. मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही. खाली औषधांबद्दल लिहिलंय ते डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता यावेत म्हणून, दुकानातून परस्पर गोळ्या आणता याव्यात म्हणून नव्हे.

आत काय बिघडतं

शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. अंडाशय मोठी झालेली आणि पाळीचा ठिकाणा नाही, अशा त्या होत्या. तेव्हा सगळं लक्ष अंडाशयावर होतं. या दुखण्यात इन्सुलिनचा मोठा हात आहे, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

जेवल्यावर रक्तात साखर येते आणि ती पेशींमध्ये नेण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींच्या पेशी या इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून शरीर ते जास्त बनवतं. हे जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन, म्हणजे अँड्रोजेन, जास्त तयार करायला लावतं. दुसरीकडे यकृतात एक प्रथिन बनतं, जे टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं. इन्सुलिन वाढलं की ते प्रथिन कमी होतं आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. त्यातून मुरुमं येतात, हनुवटीवर आणि बेंबीखाली केस उगवतात, डोक्यावरचे विरळ होतात. अंडाशयात दर महिन्याला बीजकोश वाढायला लागतात, पण एकही पूर्ण पिकत नाही. बीज बाहेर पडलं नाही की पाळीचं चक्र सांभाळणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनत नाही आणि पाळी लांबते. गर्भाशयाचं अस्तर मात्र वाढतच राहतं, म्हणून कधी चार महिने काहीच नाही आणि मग पंधरा दिवस थांबायचं नाव नाही, असं होतं.

सोनोग्राफीत "गाठी" म्हणून दिसतात ते हे अर्धवट थांबलेले बीजकोश. त्यांचा कॅन्सर होत नाही, ते काढायला ऑपरेशन लागत नाही, आणि "गाठी विरघळवणारं चूर्ण" विकणाऱ्याकडे विरघळवण्यासारखं काही नसतं.

दर दहा बायकांत एकीला तरी हे असतं. आई-मावशीला असेल, घरात मधुमेह असेल, तर शक्यता वाढते. म्हणजे "बाहेरचं खाऊन खाऊन झालं" असं पोरीला सुनावण्याआधी आजोबांची इन्सुलिनची सुई आठवावी.

पहिली पायरी: कॅलेंडर

डॉक्टरांकडे जाण्याआधी तारखा लिहा. मोबाइलमधलं ॲप चालेल, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेनाने केलेली खूणही चालेल. पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. पाळी संपल्यापासून मोजणाऱ्या बऱ्याच जणी भेटतात, त्यांचा हिशोब पाच-सहा दिवसांनी चुकलेला असतो. सोबत दिवसाला किती पॅड लागले आणि मोठे गोळे पडले का, तेही लिहा.

पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाली असतील, तर २१ ते ३५ दिवसांतलं चक्र ठीक समजायचं. ३५च्या पुढे वारंवार जात असेल किंवा वर्षात आठपेक्षा कमी वेळा पाळी येत असेल, तर तपासायला हवं. पहिल्या वर्षी वेळापत्रक नसतंच. एक ते तीन वर्षांत ४५ दिवसांपर्यंतचं अंतर चालतं. तेरा वर्षांच्या मुलीची पाळी ४० दिवसांनी आली म्हणून घाबरू नका. पण पहिलं वर्ष सरल्यावर एखादी पाळी ९० दिवसांपलीकडे गेली, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी सुरूच झाली नाही, तर वाट पाहू नये.

दुसरी पायरी: निदान पक्कं करून घ्या

इथे थोडं रेंगाळते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

मोठ्या बाईच्या बाबतीत तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळी अनियमित असणं, अँड्रोजेन जास्त असल्याची खूण, मग ती अंगावर दिसो वा रक्तात, आणि सोनोग्राफीत अंडाशयाचं ठरावीक चित्र. या तिसऱ्याऐवजी आता एएमएच ही बीजकोशांचा अंदाज देणारी रक्ततपासणीही धरतात. २००३ साली रॉटरडॅमला हा नियम ठरला आणि २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत तो सुधारला गेला. म्हणजे पाळी वेळेवर, केस-मुरुमं काही नाही, आणि पोट दुखलं म्हणून केलेल्या सोनोग्राफीत "पीसीओडी" (पीसीओएसचंच रूढ नाव) लिहून आलं, तर तेवढ्यावर निदान होत नाही. उलट पाळी अनियमित आहे आणि हनुवटीवर केस आहेत, तर सोनोग्राफी केली नाही तरी चालतं.

किशोरवयीन मुलींसाठी नियम आणखी कडक आहे. पहिल्या दोन्ही गोष्टी हव्यातच, आणि पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफी किंवा एएमएचवर निदान करायचं नाही, कारण त्या वयात भरपूर बीजकोश दिसणं स्वाभाविक असतं. सोळा वर्षांच्या मुलीला केवळ सोनोग्राफीवरून हा शिक्का बसला असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

असंच दिसणारे दुसरे आजारही आधी बाजूला काढावे लागतात. थायरॉइडसाठी टीएसएच, मग प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन, आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा जन्मजात बिघाड ओळखायला १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, अशा या रक्ततपासण्या. लग्न झालेलं असो-नसो, पाळी चुकली असेल तर गरोदरपणाची चाचणीही. डॉक्टरांनी हे विचारलं तर आईने रागावू नये, तो त्यांच्या कामाचा भाग आहे. टेस्टोस्टेरॉन तपासायचं असेल आणि मुलगी हार्मोनच्या गोळ्या घेत असेल, तर गोळ्यांमुळे आकडा खाली येतो. खरा आकडा हवा तर गोळ्या तीनेक महिने बंद असाव्या लागतात, आणि त्या बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच.

आता साखर. फक्त उपाशीपोटीची साखर पुरत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी मागा. दोन तासांचा आकडा १४०च्या खाली हवा, १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० किंवा पुढे म्हणजे मधुमेह. लॅबवाले "तीन महिन्यांची सरासरी" सांगणारी एचबीए१सी करा म्हणतात, ती सोयीची आहे, उपाशी राहावं लागत नाही. पण आपल्या विदर्भात सिकलसेल या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे आणि बायकांमध्ये रक्त कमी असणं तर घरोघरी. लाल पेशी लवकर तुटत असतील किंवा लोह कमी असेल, तर एचबीए१सीचा आकडा फसवतो. घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा आणि ग्लुकोज पिऊनच तपासा. सोबत रक्तदाब, कोलेस्टेरॉन, हिमोग्लोबिन आणि कमरेचा घेर.

कुठे जायचं? खाजगीत परवडत नसेल तर मेडिकल, मेयो आणि डागा या तिन्ही सरकारी रुग्णालयांत स्त्रीरोग विभाग आहेत, मिहानकडे राहणाऱ्यांना एम्स जवळ पडतं. बाह्यरुग्ण विभाग सकाळचा असतो, रांग लांब असते, म्हणून लवकर निघा. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेले कागद डॉक्टर उलगडत बसतात आणि तुमच्या वाट्याची पाच मिनिटं त्यातच जातात.

तिसरी पायरी: ताट

पीसीओएससाठी म्हणून एकच एक डाएट सिद्ध झालेलं नाही. कीटो, ग्लुटेनबंदी, दूधबंदी, सोळा तासांचा उपास, यातलं काहीही दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेलं नाही. जे वर्षभर निभेल ते चांगलं. गहू सोसत असेल तर तो सोडायचं कारण नाही. दुधाचंही तेच.

मग बदलायचं काय? आपल्या ताटात तीन गोष्टी हमखास दिसतात: भात-पोळीचा ढीग, पातळ वरण आणि उशिरा जेवण. पातळ वरणाच्या वाटीत प्रथिनं असून असून किती असणार, पाचेक ग्रॅम. साठ किलोच्या बाईला दिवसाला साधारण साठ ग्रॅम तरी लागतात. एक अंडं सहा ग्रॅम देतं, शंभर ग्रॅम पनीर अठरा, पन्नास ग्रॅम कोरडे सोयाबीनचे वडे पंचवीसच्या आसपास. सोयाबीन पिकवणारा विदर्भ, आणि आपल्या ताटात सोयाबीन औषधालाही नाही! "सोयाने हार्मोन बिघडतात" ही भीती घालून ठेवलीय, पण आठवड्यातून दोन-तीनदा भाजीत घातल्याने काही बिघडत नाही.

तर्री पोहे सोडायला मी कोणाला सांगत नाही. सांगून ऐकणार कोण? बदल प्लेटमध्ये करायचा. घरी करताना पोहे निम्मे घ्या, हरभरे दुप्पट. तर्री उकळली की गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा, वर लाल तेलाचा थर येतो, तो पळीने काढून वाटीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी भाजीच्या फोडणीला वापरा. वरून कांदा, कोथिंबीर, लिंबू, आणि बाजूला उकडलेलं अंडं किंवा दह्याची वाटी. चव तीच राहते आणि अकरा वाजता भुकेने जीव कासावीस होत नाही. ठेल्यावर खायचे असतील तर "चना ज्यादा, पोहा कम" म्हणा. ठेलेवाल्याला यात काही नवल वाटत नाही.

सावजीचंही असंच. मटणाचे तुकडे खा, रस्सा वाटीभर घ्या, तिसरी पोळी रश्शात बुडवण्याचा मोह आवरा. झुणका-भाकर हे मुळातच चांगलं जेवण आहे, फक्त झुणक्याच्या तेलावर नजर हवी. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचं घट्ट वरण आणि चमचाभर जवसाची चटणी एवढं ताटात असलं की बाहेरून महागाच्या बिया मागवायची गरज राहत नाही. भाताशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नसेल, तर भात शेवटी घ्या. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग वरण किंवा उसळ, मग भाकर, मग भात. ज्यांना ढीगभर भात लागायचा त्यांची भूक या क्रमाने अर्ध्या भातावर भागते, हे मी रोज पाहते.

संत्र्याबद्दल मला हमखास विचारतात. दिवसाला एक-दोन संत्री खुशाल खा, फोडीसकट, पांढऱ्या सालीसकट. रस नको. पेलाभर रसाला तीन-चार संत्री जातात आणि चोथा फेकला जातो. संत्रा बर्फी ही मिठाई आहे, तिला फळ समजू नये. उन्हाळ्यात रसवंतीसमोर उभं राहण्यापेक्षा जिऱ्याचं ताक किंवा साखर कमी घातलेलं कैरीचं पन्हं घ्या. आमरस जेवणासोबत छोटी वाटी, वरून साखर न घालता.

उपासाचं काय? मार्गशीर्षातले गुरुवार असोत की नवरात्राचे नऊ दिवस, साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आणि तूप. त्याऐवजी भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकर आणि दही. उपास श्रद्धेने करा, त्यातून वजन उतरेल या हिशोबाने मात्र करू नका, कारण संध्याकाळी सोडताना सगळं भरून निघतं.

एक गोष्ट मी कडकपणे सांगते. जेवण तोडून महिन्यात आठ किलो उतरवू नका. पीसीओएस असलेल्या मुलींमध्ये खाण्याशी बिघडलेलं नातं जास्त दिसतं: दिवसभर उपाशी, मग रात्री अकराला फ्रीज उघडून खा-खा, मग अपराधी वाटणं. असं होत असेल तर डाएटचा कागद बाजूला ठेवा आणि आधी समुपदेशकाकडे जा.

किती वजन उतरवायचं

आपल्याकडच्या बायकांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३च्या पुढे गेला की वजन जास्त. १५५ सेंटिमीटर उंचीला ती हद्द साधारण ५५ किलोला येते. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत हवा. पण हे आकडे पाहून धसका घेऊ नका. आहे त्या वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते आणि साखर खाली येते. सत्तर किलोच्या बाईला साडेतीन ते सात किलो, तेही सहा महिन्यांत. कॉलेजच्या फोटोतल्या आकृतीपर्यंत पोहोचायची गरज नाही.

आणि बारीक मुलींनाही पीसीओएस असतो. "तू तर काडी आहेस, तुला काहून होईल?" असं म्हणून त्यांच्या तपासण्याच टाळल्या जातात. त्यांनी वजन उतरवायचं नाही, स्नायू वाढवायचे आणि साखर तपासून घ्यायची.

चौथी पायरी: अंग हलवा

आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं, आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. स्नायू साखर ओढून घेतात, अगदी वजनकाट्यावर फरक दिसत नसतानाही. म्हणून "महिना झाला चालून राहिली, एक किलो नाही उतरला" म्हणून बंद करू नका.

चालायला अंबाझरीचा काठ आहे, सेमिनरी हिल्स आहे, जपानी गार्डन आहे. प्रश्न एप्रिल-मे-जूनचा असतो. पारा ४५ला टेकतो तेव्हा सकाळी साडेपाचला बाहेर पडा आणि सातच्या आत घरी या. तेवढं उठणं जमत नसेल तर घरातच करा. लाकडी खुर्चीवर बसा, हात छातीशी घडी घालून ठेवा आणि हातांचा आधार न घेता उभ्या राहा, पुन्हा सावकाश बसा. असं दहा वेळा, मग दम घेऊन अजून दोन फेऱ्या. भिंतीवर हात टेकवून दंड. पाण्याने भरलेल्या दोन लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन खांद्यापर्यंत उचलणं. पंखा चालू ठेवून वीस मिनिटांत आटोपतं.

नीट किंवा एमपीएससीच्या तयारीत अभ्यासिकेत दहा-दहा तास बसणाऱ्या मुलींनी दर तासाला पाच मिनिटं उठावं आणि दोन्ही जेवणांनंतर दहा मिनिटं चालावं. जेवणानंतरचं चालणं साखर चढू देत नाही.

पाचवी पायरी: औषधं समजून घ्या

तीन महिने पाळी आली नाही की अस्तर गळून जायला हवं, कारण वर्षानुवर्षं ते वाढत राहिलं तर पुढे गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. त्यासाठी डॉक्टर काही दिवसांचं प्रोजेस्टेरॉन देतात आणि ते थांबवल्यावर पाळी येते. नेहमी असंच होत असेल, किंवा केस-मुरुमांचाही त्रास असेल, तर गर्भनिरोधक गोळ्या दिल्या जातात. "लग्नाआधी ती गोळी?" म्हणून आया बिथरतात. इथे तिचा उपयोग अस्तर सांभाळायला आणि अँड्रोजेन कमी करायला आहे, आणि तिने पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. मात्र ती सगळ्यांना चालत नाही. रक्तदाब जास्त असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, डोळ्यांपुढे झगमग होऊन अर्धशिशी उठत असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे त्यांना सांगा. आणि गोळी बंद केल्यावर पाळी पुन्हा लांबली तर "सवय लागली" म्हणू नका. गोळी पीसीओएस मुळातून बरा करत नाही, म्हणून मूळचा स्वभाव परत दिसतो.

मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध इन्सुलिनसाठी देतात. सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात, म्हणून कमी डोसने सुरू करून जेवणासोबत घ्यायचं. बराच काळ घेतल्यास बी-१२ कमी होतं, आणि शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर तपासून घ्या. हे औषध जनऔषधी दुकानात स्वस्तात मिळतं.

इनोसिटॉल या पूरक पावडरीची पाकिटं सध्या जिकडेतिकडे दिसतात. अपाय फारसा नाही, फायद्याचा पुरावा तोकडा आहे, आणि महिन्याचा खर्च चांगलाच होतो. तेच पैसे अंडी, पनीर, डाळीवर घालवा, असं माझं मत.

केस, मुरुमं आणि काळी मान

मानेवरचा काळा मखमली पट्टा हा मळ नव्हे. कितीतरी आया पोरीची मान उटण्याने, लिंबाने, कधी भांड्याच्या घासणीनेही घासतात, आणि कातडी सोलून आणखी काळी पडते. तो पट्टा वाढलेल्या इन्सुलिनची खूण आहे. साखर आणि वजन ताब्यात आलं की तो हळूहळू फिका होतो.

चेहऱ्यावरचे केस थ्रेडिंग केल्याने किंवा कापल्याने जाड होत नाहीत, खुशाल करा. गोळ्यांचा परिणाम दिसायला किमान सहा महिने लागतात, कारण आलेला केस आपलं आयुष्य संपवूनच गळतो. लेझर चालतं, पण अनेक बैठका लागतात आणि हार्मोन ताब्यात नसतील तर केस परत येतात, म्हणून ते त्वचारोगतज्ज्ञांकडेच करा. केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन हे अँड्रोजेन अडवणारं औषध दिलं असेल, तर ते घेताना गर्भ राहता कामा नये. दुकानदाराने हातात दिलेलं "गोरं करणारं" क्रीम मुळीच लावू नका. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं, आणि त्याने मुरुमं आणि चेहऱ्यावरची लव दोन्ही वाढतात.

लग्न आणि मूल

"लग्न करून द्या, आपोआप ठीक होईल" हा सल्ला देणाऱ्या काकूंना नमस्कार करून पुढे जावं. लग्नाने इन्सुलिन बदलत नाही. "हिला मूल होणार नाही" हेही तितकंच खोटं. पीसीओएस असलेल्या बहुतेक जणींना मूल होतं, काहींना थोडी मदत लागते, एवढंच. स्थळ पाहताना फाइल लपवायची की दाखवायची, हा प्रश्न माझ्यापुढे नेहमी येतो. माझं मत: आईने नव्हे, मुलीनेच मुलाला सांगावं, पत्रिका-याद्या व्हायच्या आधी.

मूल हवं असेल तेव्हा आधी तीन महिने वजन, साखर, रक्तदाब, थायरॉइड ताब्यात आणायचं आणि फॉलिक ॲसिड सुरू करायचं. बीज बाहेर पडत नसेल तर पहिलं औषध लेट्रोझोल. गूगलवर ते स्तनाच्या कॅन्सरचं औषध म्हणून दिसतं आणि बायका हादरतात. पाळीच्या सुरुवातीचे पाच दिवस घेतलं की ते बीज पिकायला मदत करतं, आणि पूर्वीच्या क्लोमिफेनपेक्षा त्याने मूल होण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे. नवऱ्याची वीर्यतपासणी सुरुवातीलाच करा. ती न करता बाईला वर्षभर गोळ्या देणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही पाण्यात. थेट टेस्ट ट्यूब बेबीचं पॅकेज पुढे करणाऱ्या ठिकाणी "आधी लेट्रोझोल का नको?" हे विचारा.

दिवस गेल्यावर साखर लवकर तपासून घ्या, गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब दोन्हींचा धोका जास्त असतो. आणि मूल नको असेल तर "माझी पाळीच येत नाही, मला काय होणार" या भरवशावर राहू नका. बीज कधीही बाहेर पडू शकतं.

मन आणि झोप

चिडचिड, रडू येणं, आरशासमोर जाणं टाळणं: पीसीओएसमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त दिसतात, आणि ते नखरे नव्हेत. डॉक्टर विचारत नसतील तर तुम्हीच सांगा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि मराठीत बोलता येतं. रात्री जोरात घोरणं आणि सकाळी उठूनही थकवा असेल तर झोपेत श्वास अडकण्याची तपासणी करून घ्या.

कधी थांबायचं नाही

काही महिन्यांतच आवाज घोगरा झाला, केस झपाट्याने वाढले, तर साधा पीसीओएस समजू नका, अँड्रोजेन बनवणारी गाठ आहे का ते पाहावं लागतं. तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, चक्कर, किंवा पाळी चुकलेली असताना एका बाजूला तीव्र पोटदुखी, अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

दरवर्षी काय तपासायचं

चाळिशीकडे पाळी बरेचदा नियमित होते आणि बायका फाइल रद्दीत घालतात. मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा धोका मात्र तिथून पुढे वाढतो. रक्तदाब आणि वजन दरवर्षी, ग्लुकोज पिऊन साखर एक ते तीन वर्षांनी, कोलेस्टेरॉन डॉक्टर सांगतील तसं. मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ही. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागभर जरी, तर अस्तराची तपासणी करून घ्यायची. दिवाळीच्या आधीचा एक महिना ठरवून टाका, त्या वेळी फराळ व्हायचा असतो, म्हणून साखरेचा आकडा खरा येतो.